माईक हातात द्यायचा नाही

मी एक जुना माईक आहे, आणि गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर मित्रांनो, आत्ताच उठा. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, अंगावरचा काळा रंग माणसांनी पकडून पकडून उडाला आहे आणि शेपटीची वायर कोणीतरी कधीच काढून नेली आहे. सध्या माझा मुक्काम एका शिलाईच्या दुकानात, दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर असतो. रिळांची सोबत मला बरी वाटते. ती दिवसभर गप्प असतात आणि गप्प असल्याचे त्यांना काही वाईट वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे. ते एका बाईने गुंडाळले. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसत आणि दिवसभर तार गुंडाळत. पुरुषांची बोटे जाड, तार तुटते, म्हणून हे काम बायकांचे, असे तिथला सुपरवायझर सांगत असे. कामावर बोलायचे नाही अशी सक्त ताकीद होती, कारण बोलले की वेढे मोजण्यात चूक होते. मी तयार झालो तेव्हा सुपरवायझरने मला उचलले, फुंकर मारली आणि म्हणाला, "हॅलो, हॅलो, चेक." मी पोहोचवलेला पहिला आवाज तो. जिने मला घडवले तिचा आवाज कसा होता हे मला आजही ठाऊक नाही.

पुढे मला विकत घेतले शरीरसौष्ठवाच्या एका मासिकाने. शरीरसौष्ठव म्हणजे व्यायाम करून अंगाचा एकेक स्नायू घडवायचा आणि मग अंगाला रंग-तेल लावून, दिव्यांच्या झोतात तो लोकांना दाखवायचा. फार कष्टाचा खेळ आहे, त्याची थट्टा करू नका. मासिकाचे कार्यालय एका गॅरेजच्या वरच्या खोलीत होते. खालून सतत हातोड्याचे आवाज यायचे आणि वर भिंतभर उघड्या छातीचे पुरुष हसत असायचे. मासिकाचा मालक, संपादक, छायाचित्रकार आणि स्पर्धांचा निवेदक एकच माणूस होता. त्याला सगळे ‘सर’ म्हणत. सरांनी तरुणपणी कुठलीशी स्पर्धा जिंकली होती. तो चषक त्यांच्या टेबलावर असे आणि त्यात ते पेने ठेवत.

सुरुवातीची वर्षे माझ्या थाटाची होती. मला मऊ फडक्याने पुसत, वेगळ्या पेटीत ठेवत. मासिक दरवर्षी स्पर्धा भरवायचे आणि स्पर्धेत माझ्याशिवाय पान हलत नसे. पुरुष विजेता स्टेजवर आला की सर मला त्याच्या हातात देऊन बाजूला उभे राहायचे, आणि मग तो विजेता जे बोलायला लागे ते काही विचारू नका. आईचे आशीर्वाद, गुरूंचे उपकार, लहानपणीची काडीसारखी तब्येत, शेजाऱ्यांनी मारलेले टोमणे, सगळे यथासांग. एकाने तर आपल्या उजव्या दंडाला नाव ठेवले होते आणि तो दंडाच्या वतीनेही दोन शब्द बोलला. लोक टाळ्या वाजवायचे. मीही खूश असायचो. जे येईल ते पुढे पोहोचवायचे, एवढेच माझे काम होते आणि ते मी चोख करत होतो.

स्पर्धेत महिलांचाही एक गट असे. तो जेवणाच्या सुट्टीत उरकला जाई. परीक्षक डबे उघडून बसलेले, निम्मा हॉल रिकामा, आणि स्टेजवर वर्षभर घाम गाळलेल्या चार-पाच जणी. त्यांच्या विजेतीच्या हातात मला कधीच दिले जात नसे. सरांचा तसा नियमच होता: बाईच्या हातात माईक द्यायचा नाही.

या नियमाला कारण होते, तेही सांगतो. फार पूर्वी, अगदी पहिल्या वर्षी, सरांनी एका विजेतीच्या हातात मला बेसावधपणे दिले होते. ती बाई देवाचे, आईचे, कोणाचेच आभार न मानता म्हणाली, "आमच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही. सकाळपासून एक जण दाराला पाठ लावून उभी राहते, तेव्हा बाकीच्या कपडे बदलतात. पुढच्या वर्षी कडी लावा." हॉलमध्ये मागून शिट्ट्या सुरू झाल्या. सरांचा चेहरा पडला. दुसऱ्या वर्षी खोलीला कडी नव्हतीच, पण नियम मात्र लागू झाला होता. तेव्हापासून महिला गटाच्या वेळी सर मला स्वतःच्या मुठीत घट्ट धरून ठेवत, प्रश्न विचारत, मला बाईच्या हनुवटीखाली नेत आणि तिचे वाक्य अर्धे झाले की परत आपल्या तोंडाशी आणत. प्रश्न ठरलेले. घर कसे सांभाळता? नवऱ्याला भीती नाही का वाटत? मुलींना काय संदेश द्याल? संदेश सुरू झाला की मी परतीच्या वाटेवर असायचो.

मासिकात छापून येई तेही याच चालीचे. पुरुषांच्या पानावर ‘अशी घडली ही छाती’ आणि खाली व्यायामाची सविस्तर माहिती. बायकांच्या पानावर ‘तरीही ती उत्तम स्वयंपाक करते’. फोटोत एका हातात डंबेल आणि दुसऱ्या हातात उलथने. ते उलथने मासिकाचे होते. कार्यालयाच्या कपाटात ते माझ्याच शेजारी ठेवलेले असे, आणि त्या बिचाऱ्याने जन्मात कधी काही उलथले नव्हते.

आता जिच्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतो आहे, तिच्याकडे येतो.

ती शिवणकाम करायची. तिचे स्वतःचे छोटे दुकान होते आणि महिला गटातल्या बहुतेक जणी स्टेजवर घालायचा तोकडा सूट तिच्याकडूनच शिवून घेत, कारण तो बाजारात मापाचा मिळत नाही. सुटे शिवलेले तुकडे ती स्पर्धेआधी एक-दोन दिवस अंगावर बसवून पक्के करी. स्वतःही ती स्पर्धेत उतरायची. खांदे असे भक्कम की दारातून येताना किंचित तिरकी व्हायची. सरांनी तिला मासिकात ‘पोलादी वहिनी’ असे नाव दिले. तिला ते मुळीच आवडत नसे. "मी कोणाची वहिनी? यांच्या भावाशी लग्न केलंय का मी?" असे ती स्टेजमागे एकदा म्हणाली होती. पण मी तेव्हा बंद होतो, त्यामुळे ते माझ्यापलीकडे गेले नाही.

तिची एक भाची होती, बहिणीची मुलगी. विशीची, हसरी, मावशीच्या पावलावर पाऊल टाकून या खेळात आलेली. मावशी सूट शिवायची आणि भाची त्याला चमचमते खडे लावायची. तिला शिकवणारा कोच मात्र वेगळा होता. मोठ्या जिमचा, भरपूर विजेते घडवलेला.

मित्रांनो, या खेळात पाणी तोडणे म्हणून एक प्रकार आहे. स्पर्धा जवळ आली की पाणी आणि मीठ बंद करायचे आणि अंगातले असेल-नसेल ते पाणी काढून टाकणाऱ्या गोळ्या घ्यायच्या. मग कातडी कागदासारखी पातळ होते आणि खालचा स्नायू उठून दिसतो. पुरुषही हे करतात, बायकाही करतात, आणि कोणी उघड बोलत नाही. सरांच्या स्पर्धेचा सगळा खर्च जी कंपनी करायची, ती ताकदीची पावडर विकायची आणि त्याच डब्यांच्या मागे या गोळ्याही ठेवायची. तिचा भला मोठा पडदा स्टेजच्या पाठीला लावलेला असे.

भाची स्पर्धेत उतरली त्या वर्षी महिला गटाची वेळ झाली तेव्हा प्रमुख पाहुणे उशिरा पोहोचले. आल्या आल्या त्यांच्या हातात मला देण्यात आले आणि विषय निघाला स्त्रीशक्तीचा. पाहुणे बोलत होते आणि पोरी पडद्याआड रांगेत उभ्या होत्या. माझे कान तिखट आहेत. पाहुण्यांच्या वाक्यांच्या फटींतून मला भाचीचा आवाज ऐकू येत होता.

"कोच सर, एक घोट. नुसतं तोंड ओलं करते."

"आता? एवढ्यासाठी सगळं घालवणार? खाली उतरल्यावर पी हवं तेवढं," तिचा कोच म्हणाला.

पाहुणे म्हणत होते की आजची स्त्री कुठेच कमी नाही. तेवढ्यात पडद्यामागे धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ मावशीची किंकाळी आली. पाहुणे एक क्षण थांबले, सरांनी खूण केली, आणि पाहुण्यांनी वाक्य पूर्ण केले. मी तेच वाक्य हॉलभर पोहोचवले, कारण मी त्यांच्या हातात होतो.

पोरगी वाचली. तिच्या दोन्ही किडन्या मात्र वाचल्या नाहीत. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तिला दवाखान्यातल्या यंत्राशी जोडून ठेवतात आणि यंत्र तिचे रक्त धुते. मासिकाने या प्रकाराची दखल घेतली हे खरे. आतल्या पानावर चौकट होती: ‘अशक्तपणामुळे स्पर्धक तरुणीला चक्कर. महिलांच्या शरीराला हा खेळ कितपत झेपतो, यावर जाणकारांत चर्चा.’ कोणते जाणकार, ते लिहिलेले नव्हते. जाणकार टेबलापलीकडे बसून चषकातले पेन चावत होते, हे मी पाहत होतो.

मावशीने त्यानंतर खेळ सोडला असेल असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. ती उलट दुपटीने तयारीला लागली, आणि पाण्याचा एक पेलाही न तोडता दुसऱ्या वर्षी पहिली आली. ती पुन्हा का उतरली, ते मला तेव्हा कळले नाही. निकाल लागल्यावर सरांनी मला मुठीत धरले आणि गर्जना केली, "आता बोलावू या, या यशामागच्या खऱ्या माणसाला!" आणि तिच्या नवऱ्याला स्टेजवर ओढले. तो विजेच्या मीटरचे आकडे लिहून नेणारा साधा माणूस. खांद्यावर तिची पिशवी, हातात तिच्या चपला. सरांनी मला थेट त्याच्या हातात दिले.

"बोला! बायको एवढी ताकदवान. घरी भीती नाही वाटत?"

लोक हसले. तोही हसला, कसनुसा. "भीती कसली? मी तिचा डबा भरतो, पिशवी धरतो. यातलं मला काय कळतंय? जिंकलीय ती, तर तिलाच विचारा की."

असे म्हणून त्याने मला तिच्यापुढे केले. तिने हात पुढे केला. तिच्या बोटांचा मला स्पर्शही झाला, सुईने टोचून टोचून खरबरीत झालेली बोटे होती ती. तेवढ्यात सरांनी मधूनच झडप घातली. "वा! याला म्हणतात प्रेम! जोरदार टाळ्या!" आणि मी परत त्यांच्या मुठीत आलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. वर टाळ्याही वाजवायच्या.

तोवर मासिक कोणी वाचेनासे झाले होते. सरांनी गॅरेजवरच्या त्याच खोलीत दोन खुर्च्या आणि दिवे लावून मुलाखतींचे व्हिडिओ सुरू केले. छातीवाले पुरुष भिंतीवरून उतरले आणि त्यांच्या जागी पावडरच्या कंपनीचा पडदा आला. कोपऱ्यात आवाजाचे बटणे-पट्ट्यांचे यंत्र घेऊन साउंडवाला बसायचा. शांत माणूस, कानांवर हेडफोन, मान खाली. महिला गटाची विजेती म्हणून मावशीला मुलाखतीला बोलावणे गेले.

ती वेळेआधीच आली. सर खाली कोणाशी तरी बोलत होते. मी स्टँडवर होतो आणि ती माझ्याशेजारी बसून फोनवर बोलत होती. पलीकडे भाची होती, यंत्राला जोडलेली. मागे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"मावशी, माझं नाव घेतलंस तरी चालेल. लाजू नकोस हं. पाण्याचं तेवढं सांगच."

"सांगते गं. त्याच्यासाठी तर पुन्हा उतरले ना मी. न जिंकणाऱ्या बाईला कोण बोलावतंय इथे?"

"या वर्षी किती पोरी आहेत?"

"पुष्कळ. नव्याच आहेत सगळ्या, तुझ्याएवढ्या. माझ्या दुकानात येतील त्यांना मी सांगेन, पण बाकीच्यांना कोण सांगणार? बरं, तू काही खाल्लंस का?"

तेव्हा मला समजले, मित्रांनो, की ती एवढे वर्षभर वजने उचलत होती ती चषकासाठी नाही, माझ्यासाठी. माझ्यापर्यंत पोहोचायला बाईला पहिला नंबर यावा लागतो, हे तिला माहीत होते.

सर आले, दिवे लागले. सरांनी मला स्टँडवरून काढून मुठीत घेतले. स्टँड असताना हातात कशाला, असे तुम्ही विचाराल. नियम म्हणजे नियम.

"वहिनी, घर आणि व्यायाम, दोन्ही कसं जमवता?"

"तुम्ही घर आणि मासिक जमवता तसंच," ती म्हणाली आणि मनमोकळी हसली. ते हसू लक्षात ठेवा.

"एवढे दंड झाल्यावर कपडे कसे बसतात हो?"

"मी टेलर आहे, सर. मला नाही बसणार तर कोणाला बसणार? सर, मला एक गोष्ट सांगायचीय."

"सांगा की! पण त्याआधी आमच्या प्रेक्षकांना हे सांगा, की नवरोबांनी कधी..."

मी परत निघालो होतो. तेव्हा तिने सरांचे मनगट धरले. जोर लावला नाही, नुसते धरले, आणि सरांची मूठ माझ्यासकट आपल्या तोंडाशी आणून तिथेच ठेवली. सरांनी हात ओढून पाहिला. हात हलला नाही.

"मागच्या वर्षी यांच्या स्टेजमागे माझी भाची पडली," ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "अशक्तपणानं नाही पडली. तिचं पाणी बंद केलं होतं आणि अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या दिल्या होत्या. तिनं पाणी मागितलं, तर तिला थांब म्हणाले. आज तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. वीस वर्षांची आहे ती. पोरींनो, कोच सांगू दे, नाहीतर हे सर सांगू दे, पाणी तोडू नका. त्या गोळ्या घेऊ नका. पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर स्टेज सोडा आणि दवाखान्यात जा. नंबर पुढच्या वर्षी येईल. नाही आला तर नाही आला. झालं, एवढंच सांगायचं होतं."

मग तिने मनगट सोडले आणि विचारले, "लागलं नाही ना?"

मित्रांनो, हजारो भाषणे माझ्यातून गेली, पण कारखान्यातल्या त्या बाईने मला कशासाठी घडवले असेल ते मला त्या दिवशी कळले. मी तिचा एकही शब्द सांडला नाही. श्वाससुद्धा पोहोचवला. कोपऱ्यात साउंडवाल्याने हेडफोन काढले होते आणि तो तिच्याकडे बघत राहिला होता. मला वाटले, झाले. सांगून झाले. आता जगाला कळेल. इतकी वर्षे सरांच्या मुठीत काढूनही मी इतका भोळा होतो.

ती गेल्यावर सर साउंडवाल्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"हात धरला तिथून आवाज काढ. गाणं टाक. काहीतरी धमाल टाक."

"सर, पण ती जे बोलली..."

"काय बोलली? मागच्या पडद्यावर कोणाचं नाव आहे, जरा वाच. आणि ते सुरुवातीचं हसू आहे ना तिचं, ते शेवटी जोड."

साउंडवाल्याने आवाजाची पट्टी खाली ओढली. तिचे ओठ हलत राहिले आणि वर गाणे वाजू लागले. शेवटी ती मनमोकळी हसली. व्हिडिओला नाव दिले: ‘पोलादी वहिनींनी सरांना दाखवला हिसका!’

तो व्हिडिओ जितक्या लोकांनी पाहिला तितक्यांनी ते मासिक त्याच्या सगळ्या आयुष्यात पाहिले नसेल. लोकांनी खाली हसरी तोंडे पाठवली. ‘भावा, वहिनीपासून सांभाळून’ असे कोणी लिहिले. ‘बाई आहे की बुवा’ असेही लिहिले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण तुम्हाला शाळेत शिकवली असेल. ज्याने ती केली त्याने चांगले झाकण पाहिलेले नव्हते.

दोन-तीन दिवसांनी ती कार्यालयाचा जिना चढून आली. बसली नाही.

"माझं बोलणं कुठे गेलं?"

"अहो वहिनी, तुम्ही तर फेमस झालात! लोकांना गंमत लागते. भाषण कोण ऐकतंय?"

"माझी भाची मला विचारते, मावशी, तू बोललीच नाहीस का?"

सरांनी चेहरा गंभीर केला. तो त्यांना चांगला जमत असे. "तिच्यासाठी आपण मदतीचं आवाहन करू या. तिचा एक फोटो पाठवा. पण दवाखान्यातला नको हं, आधीचा पाठवा. स्टेजवरचा, चांगला."

ती जिना उतरून गेली. त्या वर्षापासून स्पर्धेसाठी तिचे नाव घेतले गेले नाही. वय झाले असे कारण सांगण्यात आले.

माझेही वय झाले. शर्टाच्या कॉलरला लावायचे बोंडाएवढे माईक आले आणि मला मोडक्या स्टँडबरोबर एका खोक्यात टाकले. उलथनेही त्यातच होते. एके दिवशी साउंडवाल्याने मला खोक्यातून उचलून खिशात घातले आणि पँट आखूड करून घेण्याच्या निमित्ताने तिच्या दुकानात नेले.

"वहिनी, हा त्या दिवशीचा माईक. तुमच्याकडेच राहू दे."

"वहिनी नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"टेलर म्हणा." तिने मला हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. "त्या दिवशी मी बोलले ते सगळं कुठे ठेवलंय का हो तुम्ही?"

साउंडवाल्याने खाली पाहिले. "पुसलं. सर म्हणाले, जागा अडते."

तिने पँटची उंची घेतली, खडूने खूण केली आणि मला रिळांच्या फळीवर ठेवले. तेव्हापासून मी इथे आहे. इथे मी रोज तिचा आवाज ऐकतो. सूट शिवायला येणाऱ्या प्रत्येक मुलीपुढे ती आधी पाण्याचा पेला ठेवते आणि मग टेप हातात घेते. माप घेता घेता भाचीची गोष्ट सांगते. काही जणी ऐकतात. दोघी तर तिथेच घटाघटा पाणी प्यायल्या आणि रडल्या. पण आता पूर्वीइतक्या मुली येत नाहीत. कोच त्यांना सांगतात, तिच्याकडे जाऊ नका, ती डोकं फिरवते.

आज दुपारी एक आली. नवी होती, विशीचीही नसेल. सूट शेवटचा बसवून बघायचा होता. मावशीने तो तिच्या अंगावर चढवला आणि बाजूला टाचण्या लावू लागली. कमरेला तो सैल पडला होता. मुलीचे ओठ फुटले होते आणि पुढे ठेवलेल्या पेल्याकडे ती बघतही नव्हती.

"पाणी कधीपासून बंद आहे?"

"कोचनी सांगितलंय तसं करतेय. आता उद्यापर्यंतच तर राहिलंय, ताई."

मावशीने ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढून ठेवल्या आणि तिला खाली बसवले. मग सगळे सांगितले. पडद्यामागचे, पाण्याच्या घोटाचे, यंत्राचे, ते यंत्र सुटल्यावर पोरीच्या अंगात घरापर्यंत चालायचे त्राण राहत नाही त्याचे. इतके नीट तिने मुलाखतीतही सांगितले नव्हते. मुलगी ऐकत होती. तिचा हात पेल्याकडे थोडा सरकलाही होता. मग एकदम ती मावशीकडे निरखून बघायला लागली आणि तिचा चेहरा उजळला.

"ताई, तुम्ही त्या हिसकावाल्या ना? अहो, आमच्या जिममध्ये तुमचा व्हिडिओ किती वेळा बघितलाय आम्ही! हसून हसून पोट दुखतं."

मावशीने पेला तिच्या आणखी जवळ सरकवला.

"मग हे सगळं तेव्हाच का नाही बोललात?" मुलीने विचारले. टोमणा नव्हता तो. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. "एवढा माईक होता तुमच्या तोंडासमोर. तुम्ही तर नुसत्या हसत होतात."

"बोलले होते गं," मावशी म्हणाली.

"कुठे? मी पूर्ण बघितलाय."

"आवाज पुसला त्यांनी," मावशी म्हणाली, पण ते दाखवायला तिच्याकडे काही नव्हते. मी फळीवरून बघत होतो. मी साक्षीदार होतो, त्या दुकानातला एकटाच, आणि माझ्यात कोणी काही बोलल्याशिवाय मला आवाज फुटत नाही. मुलीने सूट उतरवला, पिशवीत घातला, टाचण्यांसकट, आणि "बाकीचं आई शिवेल" म्हणत निघून गेली. तिच्या मनात काय आले असेल ते मला समजत होते. हे खरे असते तर ही बाई तेव्हाच बोलली असती; आता स्पर्धेतून बाहेर काढल्यावर बोलते आहे.

मावशी उठली, चपला घातल्या, पाण्याची बाटली भरून पिशवीत टाकली आणि मुलीचे घर शोधायला निघाली. तिच्या आईला तरी सांगते, असे स्वतःशीच म्हणाली. शटर खाली आले. आई ऐकेल का, कोच दारातच अडवेल का, मला माहीत नाही. मला इथून काहीच कळणार नाही.

मित्रांनो, आपली कहाणी संपवताना आम्ही जुन्या वस्तू सहसा म्हणतो, आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. माझी धूळ राहू द्या. मला जपून आता कोणाचे भले होणार नाही. पण तुमच्यासमोर कधी असा व्हिडिओ आला, की ज्यात एका बाईचे ओठ हलत आहेत आणि वर गाणे वाजते आहे, तर हसण्याआधी एवढेच विचारा, ती काय म्हणत होती? दाखवणाऱ्याला विचारा. त्याने नाही सांगितले तर तिला शोधून तिला विचारा, आणि ती सांगेल तेव्हा मध्येच बोलू नका. लवकर विचारा. इथे टेबलावर पाण्याचा पेला भरलेला तसाच आहे, आणि स्पर्धा उद्या आहे.